जॉर्ज स्ट्रीटवरील ट्रामचा थांबा

श्रोतेहो, गाडीविषयीं बोलावयाचें सोडून गाडीच्या थांब्याविषयीं बोलावयास हा मास्तर कां बसला, असें आपणांपैकीं कांहींना वाटण्याचा संभव आहे. गाडी धांवते, थांबा आपल्या जागीं उभा असतो. त्यांत सांगण्यासारखें तें काय असणार? परंतु शहरांतील वाहतुकीचा जरा बारकाईनें विचार केला म्हणजे दिसून येतें कीं, मनुष्य गाडींत बसतो तो कोठें तरी उतरण्यासाठींच बसतो. तो निर्धास्तपणें चढला व निर्धास्तपणें उतरला, म्हणजे गाडीचें काम झालें. ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरानें आपल्या ट्रामगाड्या एकदां मोडीत काढल्या आणि सुमारें साठ वर्षांनीं, फार मोठी किंमत मोजून, त्याच रस्त्यावर त्या पुनः आणिल्या. पुनः आणतांना मुख्य सुधारणा झाली ती गाडींत जितकी झाली तितकीच थांब्यांत झाली. त्या शहराच्या भर व्यापारी पेठेंत, जॉर्ज स्ट्रीटवर, क्वीन व्हिक्टोरिया बिल्डिंगपाशीं लाइट रेलचा जो थांबा आहे, त्याच्या निमित्तानें ही हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे.

प्रथम जागेची ओळख करून घेऊं. जॉर्ज स्ट्रीट हा ऑस्ट्रेलियांतील अगदीं जुन्या रस्त्यांपैकीं एक. उत्तरेस सर्क्युलर की हा बोटींचा धक्का आहे. त्याच्या बाजूनें हा रस्ता दक्षिणेकडे निघतो आणि पेढ्या, कचेऱ्या व मोठमोठीं दुकानें यांच्यामधून सेंट्रल स्टेशनाच्या दिशेस जातो. वाटेंत टाऊन हॉल लागतो, आणि टाऊन हॉलच्या लगत उत्तरेस चारी बाजूंस रस्ते असलेला एक सबंध तुकडा व्यापून क्वीन व्हिक्टोरिया बिल्डिंग उभी आहे. जॉर्ज मॅक्रे या स्थापत्यविशारदानें आंखलेली ही इमारत १८९८ सालीं पुरी झाली. मुळांत ती बाजाराची इमारत. आजहि तींत दुकानेंच आहेत.

या भव्य इमारतीच्या पायथ्याशीं असलेला थांबा मात्र दिसण्यांत अगदीं साधा आहे. स्टेशन म्हणून आपल्या डोळ्यांपुढें जें चित्र येतें, त्यांतील फारसें कांहीं येथें नाहीं. जिना नाहीं, फाटक नाहीं, तिकिटें फाडणारा कोणी नाहीं. फूटभर उंचीचा एक लांबलचक फलाट, कार्ड टेकविण्याचे खांब आणि पुढची गाडी किती मिनिटांनीं येणार हें सांगणारी पाटी, एवढाच काय तो संसार. आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलेंबाळें अलीकडे त्या देशीं नोकरीधंद्यानिमित्त राहतात. गतवर्षीं मलाहि मुलीच्या घरीं दोन महिने राहण्याचा योग आला, व त्या मुदतींत या थांब्यावर मी अनेकदां उतरलों. माझे गुडघे आतां जिन्यास राजी नसतात; त्यामुळें ज्या ठिकाणीं रस्त्यावरून सरळ गाडींत आणि गाडींतून सरळ रस्त्यावर येतां येतें, त्या ठिकाणाचें मोल मला तरुणांपेक्षां अधिक कळलें असावें.

आतां ‘लाइट रेल’ या नांवाचा अर्थ पाहूं. लाइट म्हणजे दिवा नव्हे, हलकें. हा शब्द आपणां महाराष्ट्रीयांस मुळींच नवा नाहीं. १८९७ सालीं सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे आपल्याकडील वडील मंडळींस ठाऊक आहे. पुढें ती पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत वाढली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनियरानें तिची रचना करतांना एक नियम घालून घेतला होता, तो असा कीं, कोणत्याहि आंसावर पांच टनांपेक्षां अधिक भार पडतां कामा नये. आंसावरील भार कमी, म्हणून रूळ हलके चालतात. रूळ हलके, म्हणून पूल व भराव स्वस्तांत होतात. आणि अडीच फुटी मार्ग असल्यामुळें वळणेंहि आखूड घेतां येतात. आज त्या मार्गावर अडीच फुटी रूळ राहिलेले नाहींत; तेथें आतां ब्रॉडगेज गाड्या धांवतात. परंतु ‘लाइट’ या शब्दांतील मूळ कल्पना समजण्यास हें उदाहरण उत्तम आहे.

शहरांतील ट्रामच्या सुधारलेल्या आवृत्तीस ‘लाइट रेल’ हें नांव अमेरिकेंत १९७२ च्या सुमारास रूढ झालें. तेथेंहि हलकेपणा आहे तो गाडीच्या वजनाचा तितकासा नाहीं. सिडनींतील गाडी कांहीं वजनानें हलकी नाहीं. जोडून ६७ मीटर लांबीची ती गाडी आहे. हलका आहे तो तिच्याभोंवतालचा पसारा. आगगाडीस कुंपण लागतें, सिग्नलांची मालिका लागते, पूल अथवा भुयार लागतें. लाइट रेलची गाडी रस्त्यावरूनच जाते, आणि तिचा चालक, मोटार हांकणाऱ्याप्रमाणें, पुढें काय आहे हें डोळ्यांनीं पाहून ती हांकतो. मोठ्या चौकांत तिला सिग्नल असतात. परंतु माणसांच्या गर्दींतून जातांना भरंवसा असतो तो चालकाच्या नजरेवर, घंटेवर आणि ब्रेकवर.

ब्रेकविषयीं दोन शब्द येथेंच सांगतों. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतें फार व धरतें थोडें. मोटारीच्या रबरी चाकासारखी त्याची पकड नसते. म्हणून अशा गाडीस तीन प्रकारचे ब्रेक असतात. पहिला विजेचा: गाडी ओढणारी मोटरच उलट काम करून वीज निर्माण करते व त्या श्रमांत गाडीची गति कमी होते. दुसरा घर्षणाचा, म्हणजे चाकांवरील तबकड्या दाबून धरणारा. तिसरा प्रसंगीं वापरावयाचा लोहचुंबकाचा: यांत गाडीखालचे विद्युच्चुंबक थेट रुळास जाऊन चिकटतात. हीं तीनहि साधनें असलीं तरी एवढी अवजड वस्तु जागच्या जागीं थांबत नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवावयास पाहिजे. पुढें तिचा संबंध येणार आहे.

आतां थोडा इतिहास. सिडनींतील पहिली ट्राम घोड्यांची होती. जॉर्ज स्ट्रीटला समांतर असा पिट स्ट्रीट आहे. त्यावर ती १८६१ च्या डिसेंबरांत सुरू झाली. तिचे रूळ रस्त्याच्या पृष्ठभागाच्या वर आलेले होते, त्यामुळें इतर गाड्यांचीं चाकें मोडत व लोकांचे शिव्याशाप कंपनीस मिळत. १८६४ च्या जानेवारींत आयझॅक नेथन नांवाचे वृद्ध संगीतकार या ट्राममधून उतरत असतां तिच्याखालीं सांपडून मरण पावले. हे साधेसुधे गृहस्थ नव्हते. इंग्लंडांत असतांना त्यांनीं कवि बायरन यांच्या ‘हिब्रू मेलडीज’ या गीतांस चाली लाविल्या होत्या. अशा मनुष्याचा अंत ट्राममधून खालीं पाय टाकतांना व्हावा, हें दैवाचें दुर्विलसित होय. परंतु नुसत्या दैवास दोष देऊन भागणार नाहीं. उतरण्याची जागा गाडीशीं समतल नव्हती, हेंहि त्यांतील एक कारण म्हणावयास हरकत नाहीं. १८६६ सालीं ती ट्राम बंद झाली व रूळ उखडण्यांत आले.

१८७९ सालीं सिडनींत आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें. त्या प्रसंगापुरती म्हणून वाफेची ट्राम सुरू केली. ती लोकांस इतकी मानवली कीं पुढें शहरभर पसरली. १८९९ च्या डिसेंबरांत जॉर्ज स्ट्रीटवर विजेची ट्राम आली. तिच्यासाठीं अल्टिमो भागांत एक वीजघर बांधलें होतें, त्याच इमारतीचें पुढें पॉवरहाऊस म्युझियम झालें. यानंतरचीं कांहीं दशकें सिडनीच्या ट्रामच्या वैभवाचीं होत. त्या काळीं सुमारें १,६०० गाड्या एकाच वेळीं रस्त्यावर असत, आणि १९४५ या एका वर्षांत ४० कोटींहून अधिक वेळां लोकांनीं ट्रामनें प्रवास केला.

परंतु या वैभवाच्या खालीं एक दुखणें होतें. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांस मधून जाण्याची वाट नव्हती. आडवीं बाकें ओळीनें मांडलेलीं आणि बाजूनें लांब फळी. लोक अशा गाडीस पाव भाजण्याच्या जाळीची उपमा देत. कंडक्टर त्या फळीवर बाहेरच्या बाजूनें चालत चालत, एका हातानें दांडी धरून, धांवत्या गाडीवर तिकिटें देई. पावसांत, थंडींत, शेजारून मोटारी जात असतां, हें काम करावें लागे. कित्येक कंडक्टर त्यांत पडून जायबंदी झाले, कांहीं प्राणासहि मुकले. उतारूंची स्थितीहि बरीच तशी. ट्राम रस्त्याच्या मधोमध थांबे. तेथून उंच पायरी उतरून मोटारींच्या प्रवाहांतून वाट काढीत पायवाट गांठावी लागे.

महायुद्धानंतर मोटारी झपाट्यानें वाढल्या. रस्ता अडतो, तो ट्राममुळें अडतो, असें अधिकाऱ्यांस व पुष्कळशा नागरिकांसहि वाटूं लागलें. वास्तविक, अडविणारे व अडलेले यांची मोजदाद करतांना डोकीं मोजावयाची कीं चाकें मोजावयाचीं, हा खरा प्रश्न होता. तो फारसा कोणी विचारला नाहीं. १९५८ सालीं जॉर्ज स्ट्रीटवरील ट्राम थांबली. २५ फेब्रुवारी १९६१ रोजीं शहरांतील शेवटची ट्राम ला पेरूझ या उपनगरास गेली आणि तो अध्याय संपला. बंदरालगतच्या बेनेलाँग पॉइंटवर ट्रामगाड्या ठेवण्याची एक मोठी इमारत होती, ती पाडून त्या जागेवर १९५९ सालीं एका नाट्यगृहाचें काम सुरू झालें. तेंच आज जगप्रसिद्ध असलेलें सिडनीचें ऑपेरा हाऊस होय. याच सुमारास आपल्या या थांब्याशेजारची क्वीन व्हिक्टोरिया बिल्डिंगहि पाडावी व तेथें मोटारी ठेवण्याची सोय करावी, अशी सूचना पुढें आली होती. इमारतीचें दैव बलवत्तर, म्हणून ती वांचली आणि १९८० नंतरच्या दशकांत तिचा जीर्णोद्धार झाला. ट्रामचें दैव तितकें बलवत्तर नव्हतें.

पुढें काय झालें तें सांगावयास नको. ट्रामच्या जागीं बसगाड्या आल्या, आणि बसगाड्यांच्या मागें मोटारी. जॉर्ज स्ट्रीटवर गर्दीच्या वेळीं बसमागून बस उभी राही. १९९७ सालीं सेंट्रल स्टेशनापासून पश्चिमेकडे एक लहानशी लाइट रेल सुरू झाली, परंतु ती पेठेच्या गाभ्यांत शिरली नव्हती. २००७ सालीं नगरपालिकेनें डेन्मार्कचे नगररचनाकार यान गेल यांच्या मंडळीकडून शहराची पाहणी करविली. जॉर्ज स्ट्रीट हा माणसांचा रस्ता करावा, त्यावर मोटारींस मज्जाव करून फक्त लाइट रेल चालवावी, असा त्या पाहणीचा सल्ला पडला. २०१२ च्या डिसेंबरांत राज्य सरकारनें ही योजना जाहीर केली, २०१५ च्या ऑक्टोबरांत जॉर्ज स्ट्रीटवर कुदळ पडली, आणि १४ डिसेंबर २०१९ रोजीं सर्क्युलर की ते रँडविक ही गाडी सुरू झाली. दुसरा फांटा किंग्जफर्डपर्यंत ३ एप्रिल २०२० रोजीं खुला झाला. दोनहि फांटे मिळून मार्ग सुमारें १२ किलोमीटर, थांबे १९.

या चार वर्षांची हकीकत सुखाची नाहीं, व ती लपविण्यांत अर्थ नाहीं. मूळ अंदाज १६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांचा होता; खर्च ३१० कोटींच्या वर जाईल, असें राज्याच्या महालेखापालांनीं २०२० सालीं नमूद केलें. रस्ता खणतांना खालीं जुन्या विजेच्या तारा, नळ व इतर वाहिन्या यांचें जाळें अपेक्षेबाहेर निघालें. त्यांच्या हलवाहलवीवरून बांधकाम करणारे व सरकार यांच्यांत वाद जुंपला व २०१९ सालीं ५७ कोटी ६० लाख डॉलर देऊन तो मिटवावा लागला. दुकानदारांचे हाल निराळेच. ज्या दारापुढें कांहीं महिने कुंपण राहील असें सांगितलें होतें, तेथें तें वर्षानुवर्षें राहिलें. गिऱ्हाईक फिरकेना, कांहीं जुनीं दुकानें बुडालीं. २०१८ सालीं हे लोक एकत्र होऊन न्यायालयांत गेले. २०२३ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला, पण त्यावर पुनः अपिलें झालीं. जी वस्तु १९५८ सालीं फुकट हातीं होती, तीच पुनः घेतांना शहरास हा दंड भरावा लागला, असें मला तरी वाटतें.

आतां या दंडाच्या मोबदल्यांत काय मिळालें, तें थांब्यावर उभें राहून पाहूं.

पहिली गोष्ट, समतल फलाट. गाडीची जमीन व फलाटाची कड जवळजवळ एका पातळींत येतात. चाकांच्या खुर्चींत बसलेला मनुष्य, बाळाची ढकलगाडी घेतलेली आई, काठी टेकीत येणारा म्हातारा, हे सर्व कोणाच्या हातास हात न लावतां आंत जातात. फलाटाच्या कडेस उंचवटे असलेल्या फरशा बसविलेल्या आहेत, त्या पायास लागल्या म्हणजे अंधास कड कळते. आयझॅक नेथन जेथें अडखळले, ती पायरीच येथें काढून टाकली आहे.

दुसरी गोष्ट, पैसे आधीं. गाडींत चढण्यापूर्वीं खांबास ओपल नांवाचें कार्ड किंवा आपलें पेढीचें कार्ड टेकवावयाचें, व उतरल्यावर पुनः टेकवावयाचें. जितका प्रवास तितकें भाडें कापलें जातें. यानें वेळ किती वांचतो, याचें एक लहानसें गणित मांडतों. मास्तराची ही संवय आपण क्षम्य मानाल. समजा, एका थांब्यावर साठ माणसें चढावयाचीं आहेत. दार एक, आणि प्रत्येकानें दारांतच पैसे द्यावयाचे. माणशीं तीन सेकंद धरले तरी १८० सेकंद, म्हणजे तीन मिनिटें झालीं. तेंच दहा रुंद दारें उघडलीं व पैशांचें काम आधींच उरकलें असलें, तर प्रत्येक दारांतून सहा माणसें; माणशीं दोन सेकंद धरा; बारा सेकंदांत काम झालें. असे दहा थांबे घेतले, तर पहिल्या गाडीची अर्धी घटका नव्हे, चांगला अर्धा तास नुसत्या उभें राहण्यांत जातो, आणि दुसरीचीं अवघीं दोन मिनिटें. गाडी वेगानें जाते कीं नाहीं, हें बऱ्याच अंशीं थांब्यावर ठरतें, तें असें.

तिसरी गोष्ट, वाट मोकळी. थांब्याच्या परिसरांत जॉर्ज स्ट्रीटवर मोटारींची रहदारी नाहीं. रूळ रस्त्याच्या फरसबंदीशीं समतल आहेत. त्यांच्या दोहों बाजूंस लोक चालतात, झाडांखालच्या बाकांवर बसतात. येथें दुसरें एक गणित करतां येतें. ६७ मीटर लांबीच्या जोडगाडींत सुमारें ४५० माणसें मावतात. तेवढ्याच लांबींत मोटारी एकामागें एक लाविल्या तर दहाच मावतील, आणि त्यांत माणसें निघतील पंधरा किंवा वीस. चार मिनिटांस एक गाडी, म्हणजे तासास पंधरा. पंधरा गुणिले ४५०, म्हणजे एका दिशेस तासाला ६,७५० माणसें. ट्राम रस्ता अडविते असें म्हणणारांनीं त्या काळीं हा गुणाकार केला असता, तर पुष्कळ पैसा वांचला असता.

चौथी गोष्ट डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून ती मुद्दाम सांगावयास पाहिजे. या थांब्यावर उभें राहून वर पाहिलें तर तार नाहीं. विजेची गाडी तारेवांचून कशी चालते, असा प्रश्न लहान मुलासहि पडेल. सर्क्युलर कीपासून टाऊन हॉलपर्यंत, जुन्या इमारतींची शोभा जाऊं नये म्हणून, वीज जमिनींतून दिली आहे. दोन रुळांच्या मधोमध एक तिसरी पट्टी बसविलेली आहे. परंतु ती अखंड नाहीं. तिचे आखूड आखूड तुकडे केलेले आहेत व दोन तुकड्यांमध्यें वीज न वाहूं देणारा भाग घातला आहे. गाडीचें धूड ज्या तुकड्यास पूर्णपणें झांकतें, तेवढ्याच तुकड्यांत, गाडीनें दिलेल्या संकेतावरून, प्रवाह सोडला जातो. गाडी पुढें सरकली कीं तो बंद होतो. म्हणजे जिवंत वीज सदैव गाडीच्या पोटाखालीं असते, आणि मोकळ्या पट्टीवर एखादें मूल नाचलें तरी त्यास इजा होत नाहीं. ही पद्धति प्रथम फ्रान्समधील बोर्डो शहरांत २००३ सालीं अमलांत आली. टाऊन हॉलच्या पुढें मात्र गाडी नेहमींप्रमाणें वरच्या तारेवर चालते.

इतकें ऐकल्यावर येथें दोष नाहींतच, असा ग्रह आपण करून घेऊं नये. आरंभीं ही गाडी फार संथ म्हणून लोकांनीं तिची बरीच थट्टा केली. तो दोष पुढें पुष्कळसा दूर झाला. परंतु एक घटना थट्टेची नव्हती. २०२३ च्या मे महिन्यांत शहराच्या मध्यभागीं एक किशोरवयीन मुलगी जोडगाडीच्या दोन भागांमधील फटींतून पलीकडे जाऊं लागली. त्याच क्षणीं गाडी हालली, आणि ती मुलगी मरण पावली. रूळ फरशीशीं समतल, कुंपण नाहीं, गाडी निमूट; मनुष्याच्या मनांतून भीति निघून जाते. हा मोकळेपणा हीच या पद्धतीची शोभा, आणि तींतच तिचा धोका. ब्रेक तीन असले तरी पुढचें पाहूं शकणारा चालक मधल्या फटींत काय चाललें आहे तें साध्या डोळ्यांनीं कसें पाहणार? नेथन यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ एकशेंसाठ वर्षांनीं त्याच शहरास तोच धडा पुनः शिकावा लागला: समतल फलाटानें चढण्याउतरण्याचें भय गेलें, तरी ओलांडण्याचें भय उरतें, व तें कमी करण्याचें काम कधींच पुरें झालें असें म्हणतां येत नाहीं.

आणखी एक विचार मांडून हें भाषण आटोपतें घेतों. मुंबईची घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजीं सुरू झाली, विजेची ७ मे १९०७ रोजीं, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं बोरीबंदराहून दादरकडे शेवटची ट्राम गेली. म्हणजे सिडनीच्या मागून तीनच वर्षांनीं. कारणें दोन्हीकडे बहुतांशीं सारखींच होतीं. वडील मंडळींच्या तोंडून त्या ट्रामचीं स्वस्ताईचीं वर्णनें आपण सर्वांनीं ऐकलीं आहेत. मी तिचे गोडवे गात नाहीं. तीहि रस्त्याच्या मधोमध थांबत असे व तिच्याहि पायरीवर माणसें लोंबकळत. तसेंच सिडनीचें जसेंच्या तसें येथें आणावें, असेंहि माझें म्हणणें नाहीं. त्या शहरानेंहि केवळ लाइट रेलवर भिस्त ठेविलेली नाहीं. लांबच्या उतारूंसाठीं २०२४ च्या ऑगस्टमध्यें तेथें भर पेठेखालून भुयारी मेट्रो सुरू झाली. लांब जाणारानें जमिनीखालून जावें आणि जवळ जाणारानें जमिनीवरून, अशी ती वांटणी आहे.

परंतु आपल्या शहरांतूनहि आज नवनवे मार्ग आंखले जात आहेत. त्यांचे नकाशे वर्तमानपत्रांत येतात तेव्हां आपण गाडीचा वेग पाहतों, मार्गाची लांबी पाहतों, खर्चाचा आंकडा पाहून उसासा टाकतों. त्याबरोबर आणखी एक प्रश्न प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें विचारावा, अशी माझी विनंति आहे. घरांतील सर्वांत म्हातारें माणूस आणि सर्वांत लहान मूल हीं दोघें हात धरून निघालीं, तर त्यांनीं चढावयाचें कोठें, उतरावयाचें कोठें, आणि उतरल्यावर रस्ता ओलांडावयाचा कसा? ज्या योजनेंत या प्रश्नाचें उत्तर काळजीपूर्वक लिहिलेलें असेल, ती योजना चांगली समजावी. तसेंच, जुनी सोय मोडण्याचा ठराव पुढें आला, म्हणजे ती पुनः उभारण्यास काय पडेल, याचाहि आंकडा त्याच कागदावर मागून घ्यावा. जॉर्ज स्ट्रीटवरील त्या साध्या थांब्यापासून मी घेतला तो बोध एवढाच.